अलाइनमेंट करूनही गाडी एका अंगाला ओढते: ओळंबा, दोरी आणि स्टीलपट्टीने घरच्या घरी तपासणी

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, करून आणलं, आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा डावीकडे जायला लागली. पावसाळा संपला की सातारा-सांगलीकडे ही तक्रार हमखास सुरू होते. मग गाडी पुन्हा मशीनवर चढते, पुन्हा पैसे जातात, आणि दिवाळीपर्यंत टायर आतल्या कडेने गुळगुळीत होतो.

यात दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत अलाइनमेंटच्या वेळी एकच गोष्ट बदलता येते, ती म्हणजे पुढच्या चाकांचा टो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे किती वळली आहेत, ते माप. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल आणि कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्या आसाचा मागे असलेला कल. हे दोन्ही या गाड्यांत कारखान्यातून ठरून येतात आणि त्यांना फिरवायला बोल्ट नसतो. पुढचा टो चुकला तर टायर झिजतो आणि स्टिअरिंग तिरकं दिसतं, पण गाडी सहसा ओढत नाही, कारण चालताना दोन्ही पुढची चाकं ती चूक आपसांत सारखी वाटून घेतात. गाडी ओढते ती टायर, ब्रेक, कॅम्बर किंवा कॅस्टरमधल्या डाव्या-उजव्या फरकाने, नाहीतर खिळखिळ्या झालेल्या जोडामुळे. तक्रार ओढण्याची आणि दुरुस्ती टोची, असं झालं की तोच दोष परत परत येणार.

आधी लक्षण नीट पकडा

स्टिअरिंग हलक्या हाताने धरल्यावर गाडी सतत एकाच बाजूला जाते: टायर, ब्रेक, कॅम्बर, कॅस्टर.

गाडी सरळ चालते, पण स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं: टो दोन्ही चाकांत असमान वाटला गेला आहे, किंवा मागची चाकं तिरकी आहेत.

टायर फक्त आतल्या कडेला खातो: टो बाहेर गेलाय किंवा कॅम्बर आत झुकलाय. दोन्ही पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा झिजल्या तर टो गरजेपेक्षा जास्त आत आहे. एकाच टायरच्या दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो चुकला आहे हे नक्की. ही खूण डोळ्याला दिसण्याच्या बरीच आधी हाताला कळते, म्हणून दर महिन्याला हवा भरताना हात फिरवायची सवय लावा.

८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं: हे बॅलन्सिंगचं काम आहे. यासाठी अलाइनमेंट करू नका.

फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते: कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश. फक्त जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर ओढते: इंजिन माउंटिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट.

आणखी एक लक्षण फार जण सांगतच नाहीत, कारण ते ध्यानात येत नाही. उजवं वळण घेतल्यावर गाडी उजवीकडे ओढत राहते, डावं घेतल्यावर डावीकडे. याचा अर्थ स्टिअरिंग सरळ परत येत नाही. शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोळीचा सांधा) जाम झाला आहे. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात राहिलेल्या गाड्या नंतर विकल्या गेल्या असतील, तर जुनी गाडी घेणाऱ्याने हे लक्षण मुद्दाम तपासावं. पुराचं पाणी आणि गाळ एकदा त्या बेअरिंगमध्ये शिरला की बाहेरून धुतलेली गाडी आतून गंजत राहते.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिला संशय रस्त्यावर घ्या. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेला साधारण दोन ते अडीच टक्के उतार देतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे अगदी ठीक गाडीही हळूहळू डावीकडे सरकते. पुणे-बंगळूर महामार्गावर डाव्या लेनमध्ये हात सैल सोडून केलेल्या परीक्षेला म्हणून काही अर्थ नाही. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतला रिकामा, सपाट रस्ता किंवा मोठं मैदान शोधा आणि तोच पट्टा दोन्ही दिशांनी ४० च्या वेगात चालवून पाहा. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ओढली तर तो जमिनीचा उतार आहे. दोन्ही वेळा डावीकडेच ओढली तर दोष गाडीत आहे.

मग हवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजा. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा दोन-तीन पीएसआयने वर जातो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. पुढच्या दोन चाकांत चार-पाच पीएसआयचा फरक असेल तर कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते. याहून स्वस्त दुरुस्ती नाही, आणि ही केल्याशिवाय पुढचं एकही माप खरं येत नाही, कारण कमी हवेचं चाक खाली बसतं आणि त्याचा कॅम्बर बदलल्यासारखा दिसतो.

रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. कृष्णाकाठच्या उसाच्या फडातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये काळी माती थापलेली असते आणि वाळल्यावर ती दगडासारखी घट्ट होते. यामुळे थरथर येते, आणि मालक अलाइनमेंटला पळतो. लाकडी काडीने खरवडून काढा आणि पाण्याने धुवा. धुताना रिमची आतली कड वाकली आहे का तेही पाहून घ्या, कारण खड्ड्याचा मार तिथेच बसतो.

चौथी तपासणी टायरची अदलाबदल. पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावा. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरमध्ये आहे. आतले पट्टे किंचित एका बाजूला सरकलेला टायर शंकूसारखा लोळतो आणि त्याला कोणतंही अलाइनमेंट सरळ करू शकत नाही. दिशा तीच राहिली तर टायर निर्दोष. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण छापलेला असतो, त्यांची अशी अदलाबदल करू नका. त्याऐवजी त्याच बाजूची पुढची-मागची चाकं बदलून पाहा. अलाइनमेंट नुकतंच केलेलं असेल आणि टायर आधीच वाकडे झिजलेले असतील, तर ते आपली जुनी सवय काही काळ धरून ठेवतात. ‘मशीनवर सगळं हिरवं (म्हणजे ठरलेल्या मर्यादेत) आलं तरी गाडी ओढते’ या तक्रारीत हे कारण बऱ्याचदा निघतं.

शेवटी ब्रेक. आठ-दहा किलोमीटर, शक्य तितके कमी ब्रेक मारत, गाडी चालवा आणि थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका. एका बाजूची रिम स्पष्ट गरम लागली तर कॅलिपर सुटत नाही. यवतेश्वर किंवा पसरणी घाट उतरून आल्यावर ही परीक्षा करू नका, तिथे सगळीच चाकं तापलेली असतात.

जॅक लावून खिळखिळेपणा शोधा

टो मोजण्याआधी हे करावंच लागतं. ज्या जोडात दोन मिलिमीटरचा खेळ आहे, तिथे एक मिलिमीटरची अलाइनमेंट टिकणार कशी? पंधरा दिवसांत परत येणाऱ्या दोषाचं मूळ सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी गुटके. जॅक लावल्यावर खाली लोखंडी स्टँड घाला. विटा किंवा चिरे रचून गाडी टेकवू नका, वीट वजनाखाली एकदम फुटते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका.

उचललेलं चाक डावी-उजवीकडून, म्हणजे घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून येणारा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा त्याच दांड्याचा आतला, स्टिअरिंग रॅककडचा सांधा, म्हणजे रॅक एंड. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथला खेळ बॉल जॉइंटचा किंवा व्हील बेअरिंगचा. कोणता ते कळायला दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. यानंतर गाडी खाली जमिनीवर घ्या, एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे झटकायला लावा आणि दुसऱ्याने वाकून टाय रॉड एंडवर बोटं ठेवावी. जोड सैल असेल तर ‘टक्’ असं बोटांना कळतं. वजन चाकावर असताना दिसणारा खेळ अधूमधून जॅकवर लपतो, म्हणून दोन्ही प्रकारे बघा.

लोअर आर्मचा मागचा मोठा बुश टॉर्चने पाहा. रबर चिरलेलं किंवा धातूपासून सुटलेलं असेल तर ब्रेक मारताना सगळं चाक मागे सरकतं आणि कॅस्टर बदलतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी साइडपट्ट्या खचतात. समोरच्याला जागा देताना डावं पुढचं चाक डांबरावरून खाली आपटतं, आणि मार बसतो तो याच आर्मला. म्हणून आपल्या भागात डाव्या बाजूचा बुश आधी पाहायचा.

अलीकडे शॉकॲब्सॉर्बर बदलले असतील किंवा क्लचच्या कामासाठी पुढची सबफ्रेम (आर्म जिला बसतात ती खालची चौकट) उतरवली असेल, तर तेही लक्षात घ्या. अनेक गाड्यांत शॉकॲब्सॉर्बर दोन बोल्टांनी चाकाच्या नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) बसतो आणि त्या भोकांत थोडी मोकळीक असते. तेवढ्यानेही कॅम्बर हलतो. अशा कामानंतर अलाइनमेंट करावंच लागतं.

मोजायला काय लागतं

गवंड्याचा ओळंबा, पाच मीटरचा स्टीलचा टेप, १५० किंवा ३०० मिमीची स्टीलपट्टी, खडू, गवंडी वापरतात ती नायलॉनची लाइनदोरी, पारदर्शक नळीचा लेव्हल पाईप. यातलं बरंचसं घराचं काम चालू असलेल्या शेजाऱ्याकडे मिळेल, आणि सगळं विकत घेतलं तरी एका टायरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. दोरीच्या चौकटीसाठी खिडक्या बनवणाऱ्यांकडून ॲल्युमिनियमचे दोन मीटर लांबीचे दोन सरळ चौकोनी पाईप घ्या. कॅम्बर मोजायचा असेल तर चुंबकवालं डिजिटल अँगल गेज घ्या. फोनमधलं ॲप चालतं, पण फोनच्या कव्हरची आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्याची चूक त्यात येते, म्हणून फोन वापरायचा तर कव्हर काढून आणि दोन्ही चाकांवर त्याच बाजूने टेकवून.

लेझरच्या स्वस्त पट्ट्या ऑनलाइन दिसतात. त्यांचा किरण बरोबर कोनात निघतो का, हे तपासायलाच वेगळी चौकट लागते. दोरी ताणली की सरळच असते, म्हणून पैसे दोरीवर घाला.

जमीन

पोर्चची शहाबादी फरशी पाणी बाहेर जावं म्हणून उतारात बसवलेली असते. साताऱ्यात घरंच डोंगरउतारावर आहेत, तेव्हा अंगण सपाट असेल असं गृहीत धरू नका. चारही चाकं जिथे टेकतात त्या जागी लेव्हल पाईपने पाणी बघा. टो मोजताना पाच-दहा मिमीचा उतार फारसा नडत नाही. कॅम्बरला नडतो: डाव्या-उजव्या चाकांत १४५० मिमी अंतर धरलं तर पाच मिमीचा फरक म्हणजे ०.२ अंश. खालच्या बाजूच्या चाकाखाली तेवढ्या जाडीची प्लायची पट्टी घाला. किंवा गाडी त्याच जागी तोंड फिरवून उभी करा, पुन्हा मोजा आणि सरासरी काढा, उतार आपोआप वजा होतो.

ओळंब्याने एकूण टो

ही पद्धत सगळ्यात स्वस्त आहे. शिवाय रिम थोडी वाकडी असली तरी आकडा बिघडत नाही, म्हणून पहिल्यांदा हीच शिका.

पुढचं एक चाक उचला. नक्षीच्या साधारण मध्यावर खडू फासा, जमिनीवर पक्क्या टेकवलेल्या ठोकळ्यावर खिळा स्थिर धरा आणि चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. टायरभर एक बारीक रेघ उमटते. नक्षीची रेघ वापरू नका, ती टायर बसवताना डुगडुगलेली असू शकते. दुसऱ्या चाकालाही असंच करा. गाडी खाली घ्या, बॉनेटवर तीन-चार वेळा दाबून सोडा आणि तीन-चार मीटर पुढे चालवत आणा. जॅकवरून उतरलेली चाकं टायरच्या पकडीमुळे तिरकी अडकून राहतात. ही पायरी गाळली की माप चार-पाच मिमीने खोटं येऊ शकतं, आणि घरी मोजणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

स्टिअरिंग मध्यावर आणा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्म्यावर थांबा. मग ते सीटला दोरीने बांधून टाका.

आता चाकाच्या पुढच्या बाजूला, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर, रेघेवर एक ठिपका करा आणि तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा. दोन्ही चाकांना. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पुढचं माप. नंतर गाडी ढकलून चाक अर्धा फेरा पुढे न्या. १६५/८० आर १४ टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी, म्हणजे अर्धा फेरा ९७ सेंमीच्या आसपास. मघाचे ठिपके आता मागच्या बाजूला हबच्या उंचीवर आले असतील. तिथून ओळंबा सोडा, खुणा करा, अंतर मोजा. हे मागचं माप. मागचं वजा पुढचं केलं की एकूण टो मिळतो. उत्तर अधिक आलं तर चाकं पुढे आत वळलेली, उणे आलं तर बाहेर.

ढकलताना गाडी पुढेच ढकला. एकदा जरी मागे घेतली तरी बुश उलट दिशेने दबतात आणि आकडा बदलतो. सगळं तीन वेळा करा. तीन आकड्यांत एक मिमीपेक्षा जास्त तफावत असेल तर हात स्थिर नाही, त्या आकड्यांवर काही ठरवू नका.

बहुतेक छोट्या गाड्यांचा टो शून्याच्या आसपास, एक-दोन मिमी इकडे-तिकडे असतो. नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. मॅन्युअल कधी मिमीत देतं, कधी अंश-मिनिटांत. ६२० मिमीच्या टायरवर एक मिमी म्हणजे साडेपाच मिनिटं. तेच रिमच्या कडेवर मोजलं, १४ इंची रिमला कडेपासून कडेपर्यंत साधारण ३९ सेंमी, तर एक मिमी म्हणजे जवळपास नऊ मिनिटं. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की ठीक असलेली गाडी बिघडते.

एका चाकाची एक मिमी चूक क्षुल्लक वाटते. पण ६२० मिमीमागे एक मिमी म्हणजे दर किलोमीटरला टायर १.६ मीटर आडवा घासला जातो. साताऱ्याहून पुण्याला जाईपर्यंत पावणेदोनशे मीटरच्या आसपास. तीन मिमी चुकलेल्या गाडीचे टायर लवकर का संपतात, ते यावरून कळेल.

दोरीची चौकट: कोणतं चाक चुकलं ते कळतं

ओळंब्याने दोन चाकांचा मिळून टो कळतो, पण चूक डाव्याची की उजव्याची हे कळत नाही. मागची चाकं तिरकी आहेत का, तेही नाही. त्यासाठी चौकट.

दोन्ही ॲल्युमिनियमचे पाईप एकत्र बांधा आणि दोन्हींवर एकाच वेळी हॅकसॉने खाचा पाडा, १९०० मिमी अंतरावर. वेगवेगळं मोजून पाडल्या तर चौकट तिरकी होते. एक पाईप गाडीच्या पुढे, एक मागे, बंपरपासून अर्धा मीटर लांब. उंची हबएवढी, म्हणजे साधारण ३० सेंमी. चार विटा रचल्या की होते, आणि विटा इथे चालतात. खाचांतून दोन्ही बाजूंना दोरी ताणून बांधा.

मग चौकट गाडीशी समांतर करा. दोरीपासून डाव्या आणि उजव्या पुढच्या हबचं अंतर सारखं, तसंच मागच्या दोन हबचं सारखं, एवढंच साधायचं. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळणार नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असते. एक टोक सरकवलं की दुसरं हलतं, तेव्हा चार-पाच फेऱ्या घ्याव्या लागतात. या कामाला घाई चालत नाही.

स्टीलपट्टी दोरीपासून रिमच्या कडेपर्यंत आडवी धरा. एक माप रिमच्या पुढच्या कडेला, एक मागच्या कडेला. दोरीला पट्टी टेकू देऊ नका, टेकली की दोरी सरकते. पुढचं माप मोठं असेल तर ते चाक आत वळलेलं.

उदाहरण घ्या. डावं चाक: पुढे १४८, मागे १४६, म्हणजे दोन मिमी आत. उजवं: पुढे १४५, मागे १४६, म्हणजे एक मिमी बाहेर. एकूण टो एक मिमी आत, मशीनवर कदाचित हिरवाच दिसेल. पण दोन्ही चाकांची तोंडं उजवीकडे आहेत, म्हणून सरळ जायला स्टिअरिंग डावीकडे धरावं लागतं. इलाज: डावं चाक दीड मिमी बाहेर, उजवं दीड मिमी आत. एकूण टो तोच राहतो आणि स्टिअरिंग सरळ होतं.

मागच्या चाकांचंही हेच माप घ्या. एक मागचं चाक आत आणि दुसरं तेवढंच बाहेर असेल तर गाडीचा मागचा भाग कडेने ढकलला जातो. मागचा ॲक्सल वाकला आहे किंवा त्याचे बुश गेले आहेत. पुढचे टाय रॉड कितीही फिरवले तरी याचं काही होत नाही.

चौकट लावलेलीच आहे तर आणखी एक माप घेऊन टाका: दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर. बहुतेक गाड्यांत हे सारखं असतं. पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ज्या बाजूचं अंतर कमी तिथलं पुढचं चाक मागे ढकललं गेलं आहे, आणि लोअर आर्म वाकल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

कॅम्बर

पाईपचा तुकडा रिमवर उभा धरायचा, पण टायरचा फुगवटा आड येतो. म्हणून तुकड्याला दोन टोकांना सारख्या लांबीचे बोल्ट बसवा आणि फक्त बोल्ट रिमच्या कडेला टेकवा. त्यावर अँगल गेज. ३९ सेंमीच्या रिमवर एक अंश म्हणजे ६.८ मिमी. गेज नसेल तर ओळंबा लटकवून वरच्या-खालच्या कडेचा फरकही चालतो.

वाचन झालं की गाडी अर्धा फेरा पुढे न्या, पुन्हा वाचा, सरासरी घ्या. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापर्यंत फरक बऱ्याच गाड्या सोसतात. त्यापुढे, ज्या चाकाचा वरचा भाग जास्त बाहेर झुकलेला त्या बाजूला गाडी ओढते. फरक सापडला तर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूला दीड सेंमी कमी असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे आणि कॅम्बर त्यामुळेच बदलला आहे.

कॅस्टर घरी मोजता येतो, पण त्यासाठी चाक मोजून २० अंश आत-बाहेर वळवावं लागतं आणि खाली फिरत्या प्लेट लागतात. त्याच्या मागे लागू नका, मशीनच्या प्रिंटवर तो आकडा असतो.

टाय रॉड फिरवायचा असेल तर

वरच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या, खेळ कुठेही नाही आणि चूक फक्त पुढच्या टोची आहे, तरच पाना हातात घ्या. सुरुवात करण्याआधी दोन्ही बाजूंचे दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा आणि रंगाने खूण करा, म्हणजे वाट चुकली तर मागे येता येतं.

लॉकनटवर (टाय रॉड जागेवर आवळून धरणाऱ्या नटवर) रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. टाय रॉड एंड एका पान्याने धरा आणि लॉकनट दुसऱ्याने सोडवा, नाहीतर बॉल जॉइंटवर पीळ येतो. रॅकच्या रबरी बुटाची बाहेरची क्लिप सैल करा. ती तशीच ठेवून रॉड फिरवला तर बूट पिळून फाटतो, आत पाणी-माती जाते आणि काही महिन्यांत सगळा रॅक बदलावा लागतो.

टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर लांब केल्यावर चाक आत वळतं, पुढे असेल तर बाहेर. दीड मिमी पिचच्या (शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्याला एक पूर्ण फेरा दिला की रिमच्या कडेवर साधारण साडेचार मिमी फरक पडतो, म्हणजे उदाहरणातल्या दीड मिमीसाठी एक तृतीयांश फेरा. प्रत्येक गाडीचं प्रमाण थोडं वेगळं असतं, तेव्हा आधी पाव फेरा देऊन किती बदललं ते मोजा. चाकाखाली खताच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या, मध्ये ग्रीस लावून, ठेवल्या तर चाक मोकळं वळतं. पिशव्या नसतील तर प्रत्येक बदलानंतर गाडी तीन-चार मीटर पुढे न्यावीच लागेल.

लॉकनट आवळताना रॉड फिरतो. आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. नीट न आवळलेला लॉकनट हेही पंधरा दिवसांत अलाइनमेंट जाण्याचं एक कारण आहे.

स्टिअरिंग तिरकं आहे म्हणून स्टिअरिंग व्हील काढून एक दाता सरकवून देणारे भेटतात. तसं करू देऊ नका. त्याच्या मागे एअरबॅगची वायर असलेली क्लॉक स्प्रिंग असते, ती मध्यावरून सरकली तर वळणावर तुटते आणि एअरबॅग बंद पडते. स्टिअरिंग नेहमी एक टाय रॉड लांब आणि दुसरा तेवढाच आखूड करूनच सरळ करायचं.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

बॉल जॉइंट, रॅक एंड किंवा बेअरिंगमध्ये खेळ सापडला तर गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका, आधी तो भाग बदला. बॉल जॉइंट निसटला की चाक जागेवर कोलमडतं.

डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये एक अंशाहून जास्त फरक, हबपासून हबच्या अंतरात दोन बाजूंना पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक, मागची चाकं तिरकी: यातलं काहीही असेल तर काहीतरी वाकलेलं आहे. नवा भाग आणि मशीन दोन्ही लागणार. वाकलेला आर्म तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या.

लॉकनट तेल मारूनही हलत नसेल तर पान्याला पाईप लावून जोर करू नका. दोन्ही बाजूंच्या दिसणाऱ्या आट्यांत मोठा फरक असेल तरी थांबा, आधी कोणीतरी चूक लपवायला एकाच बाजूने फिरवलेलं असतं. विंडशील्डवर लेनचा कॅमेरा असलेल्या किंवा ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत टो बदलल्यावर सेन्सरचं कॅलिब्रेशन लागू शकतं, ते घरी होत नाही.

मशीनवर जाताना घरचे आकडे कागदावर लिहून न्या आणि चार गोष्टी मागा: काम सुरू करण्याआधी हवा तपासणं, चाक फिरवून रिमच्या वाकडेपणाची भरपाई, स्टिअरिंगला लॉक, आणि आधीचं-नंतरचं असं दोन्ही प्रिंट. प्रिंटमध्ये डाव्या आणि उजव्या कॅस्टरचा फरक आधी बघा, मग मागच्या चाकांचा टो. पुढच्या टोचा आकडा तुमच्या दोरीच्या मापाशी एक मिमीच्या आत जुळला तर तुमची चौकट बरोबर आहे, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पहिलं माप घरीच घेता येईल.